बांध फुटलेली खारजमीन पुन्हा खाडीसारखी जिवंत करता येते का? मासळी परत येते का?

येते. पण आधी एक काम करा, रोपवाटिकेला फोन करू नका. का ते पुढे येईलच.

तुम्ही लिहिलंय, आजोबांची चार एकर खार दहा वर्षं पडीक आहे, बांधाला खांड गेलीय (भगदाड पडलंय), आत काळं पाणी साचून वास मारतो, आणि भाताचा नाद घरच्यांनी सोडलाय. नेमकी हीच गोष्ट आमच्या घरात घडली. त्यावरून आमच्या दोन घरांत सात वर्षं बोलणं बंद होतं. त्यामुळे उत्तर लांबेल.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठाला. ही सगळी जमीन मुळात खाडीचीच. आजोबा-पणजोबांनी चिखलाचे बांध घालून, उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपा) बसवून ती बाहेर काढली. पावसाने मीठ धुतलं की मोड आलेलं बियाणं फेकून पेरायचं, त्याला रहू म्हणतात. आमच्याकडे राता (खार सोसणारा लाल भात) व्हायचा, नंतर पनवेलच्या खारभूमी केंद्राची वाणं आली. बांधाची डागडुजी जोळ करायची, म्हणजे त्या खारीतले सगळे शेतकरी मिळून, घरटी माणूस. ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याच्या दारात जाऊन बोलायचे. 1979 मध्ये खारजमिनीचा कायदा झाला, बांध सरकारी योजनेत गेले, आणि लोक म्हणाले आता सरकार बघेल. जोळ तिथेच मेली. माझं हे मत गावात कोणाला आवडत नाही.

आमचा बांध 2005 च्या जुलैत गेला. उधाणाची भरती आणि वरून तो पाऊस, एका रात्रीत तीन खांडी. भरायला कोणी आलं नाही. हरकत नाही, खाडी आली तर येऊ दे, असं आम्ही म्हणायला लागलो होतो. पहिली दोन वर्षं निवट्या, चिंबोऱ्या, बोयी भरपूर मिळाल्या. मग 2009 ला खांडीच्या तोंडावरून रस्ता गेला. मातीचा भराव आणि खाली दोन सिमेंटचे पाइप. ज्याने ते पाइप टाकले त्याने ओहोटीला खाली उतरून बघितलंच नसावं, कारण पाइपचा तळ खाडीच्या तळापेक्षा दीड हात वर होता. भरतीला पाणी आत यायचं, ओहोटीला दीड हात पाणी आतच राहायचं. रोज तेच पाणी. एप्रिलपर्यंत ते आटून मिठवणी व्हायचं, पावसाच्या पहिल्या आठवड्यात वर गोडं पाणी चढायचं, खालचं कुजायचं, आणि सकाळी बोयी पांढरं पोट वर करून तरंगताना दिसायच्या. चिखलात पाय घातला की कुजक्या अंड्यांचा वास. तुमच्या जागेलाही हेच झालं असणार, न बघता सांगतो.

या वेळी माझा चुलतभाऊ (थोरल्या काकांचा) पुढे आला. त्याला कोणीतरी सांगितलं की कांदळवन (खाडीच्या चिखलात वाढणारी तिवर, कांदळ अशी झाडं) लावलं की पाणी शुद्ध होतं. मग शाळेची मुलं, टोप्या, बॅनर, आणि कांदळाच्या 2,000 शेंगा त्या काळ्या चिखलात ओळीने खोचल्या. पेपरात फोटो आला. मी तिथेच म्हणालो, अरे इथे पाणी उतरतच नाही, ही बुडून मरतील. तर भर लोकांत म्हणाला, "तू दोन बुकं वाचलास म्हणून आम्हाला नको शिकवू." मुळात मी बुकं वाचून बोललोच नव्हतो. माझी आई आयुष्यभर आसू (हातातलं जाळं) घेऊन त्या खाडीत उतरली, तिचं वाक्य होतं ते: "पानी आयलं त जावाला पन वाट पायजे ना." पुढच्या मार्चपर्यंत सगळा चिखल काळ्या काड्यांनी भरला होता.

तिवर असो वा कांदळ, त्याची मुळं श्वास घेतात. ओहोटीला चिखल उघडा पडला पाहिजे. बांधाच्या आतली जमीन वर्षानुवर्षं सुकून बसते, बाहेरच्या खाजणापेक्षा (भरतीला बुडणाऱ्या, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलापेक्षा) खोल जाते, त्यात नुसतं पाणी सोडलं की खाजण होत नाही, डबकं होतं. झाडांचा विचार शेवटी. आधी पाण्याची वाट.

मग मी काय केलं? दोन बांबू घेतले, वीतवीत अंतरावर लाल रंगाच्या पट्ट्या मारल्या, एक रस्त्याच्या बाहेर रोवला, एक आत. पौर्णिमेच्या उधाणाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला वहीत लिहिलं. (भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, तिथीला तिनाने गुणून चाराने भागा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. थोडं मागेपुढे होतं.) बाहेरचं पाणी पुरुषभर उतरलं. आतलं चार बोटं. ते पान मी ग्रामसभेत वाचून दाखवलं. हसले. पण चार बोटं हा शब्द गावात राहिला, आणि पुढे एका कार्यालयात अकरा फेऱ्या मारून, ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन, 2013 च्या हिवाळ्यात पाइपच्या जागी रस्त्याखाली मोरी (पाणी जायचा छोटा पूल) झाली. उघडी, रुंद, तळ खाडीच्या तळाला टेकलेला. आत खाडीचा जुना फाटा गाळाने भरला होता. आजोबांच्या वेळी तो कुठून वळायचा ते एका म्हाताऱ्याने काठीने दाखवलं, तसाच वळणावळणाने उकरला. सरळ चर मारू नका, तो दोन पावसाळ्यांत भरतो. काम भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) केलं, पाणी कमी चढतं म्हणून.

पहिले पंधरा दिवस वास दुप्पट झाला. गावाने शिव्या घातल्या. मग एका उधाणात काळं पाणी निघून गेलं ते गेलंच. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिवराची रोपं आपोआप उगवली. तिवराच्या बिया पावसाळ्यात गळतात, भरतीबरोबर वाहत येतात आणि जिथे उंची जमते तिथेच अडकून रुजतात. माणसाने ओळी आखून ते जमत नाही. बाहेरची झाडं जवळ असतील तर एक रुपया खर्चू नका.

मासळीत आधी आल्या निवट्या, मग चिंबोऱ्या, मग कोलंबी. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात आईच्या आसूत बोटाएवढी पिल्लं आली, डोळ्याला तांबडी झाक. जिताडा. ती काही बोलली नाही, पिल्लं तळहातावर घेऊन बराच वेळ उभी राहिली, आणि पाण्यात सोडून दिली. आमच्याकडे ती परसातल्या तळ्यात सोडायची पद्धत, त्यामुळे बायका तिला वेड्यात काढत होत्या. जिताड्याची गंमत अशी की तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. अंडी खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात, पिल्लं वर खाजणात वाढतात. दीड हात वर टांगलेला पाइप म्हणजे त्यांना दाराला कुलूप.

भात आणि मासळी दोन्ही हवी असेल तर गोव्याची खाजनं बघा, तिकडे बांधाच्या आतल्या जमिनीलाच खाजन म्हणतात. तिथे मानशीवरून (म्हणजे आपली उघाडी) पाणी खेळवतात आणि मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. केरळात पोक्कळीच्या (खार सोसणाऱ्या भाताच्या) शेतात पावसाळ्यात भात आणि नंतर कोलंबी. पण ते जोळ जिवंत असेल तिथे चालतं. तुमच्या चार एकरात एकट्याने उघाडी सांभाळणं होणार नाही, हे माझं स्पष्ट मत.

खर्चाचं विचारलंत. मोरी पंचायतीतून झाली, आमच्या खिशातून पोकलेनचे तास, डिझेल आणि चहा. 2013 चा आकडा सांगून उपयोग नाही.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. आत एक जरी तिवर उभं असेल तर परवानगीशिवाय फावडंही लावू नका. 2018 च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांच्या तोडीवर बंदी घातलीय, सातबारा तुमचा असला तरी. आम्ही उकरलं तेव्हा आतल्या अंगाला झाड नव्हतं, म्हणून निभावलं. आणि एकदा तिवर आलं की ती जमीन पुन्हा भाताला मिळायची नाही, भावंडांना आधी विचारून घ्या, सह्यांसकट. शेजारी अजून पिकवत असेल तर त्याचा बांध आधी मजबूत करा. जवळ गोड्या पाण्याची विहीर असेल तर ती खारावू शकते. वरून गटार किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर नुसत्या भरतीने ते धुतलं जाणार नाही, तो वेगळा लढा. आमच्याकडे भरती-ओहोटीत पुरुषभर फरक पडतो, म्हणून हे इतकं लवकर जमलं. तुमची खाडी किती आत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

पुढच्या उधाणाला दोन बांबू रोवा आणि आकडे इथे खाली टाका, मग बोलू.

चुलतभाऊ सध्या गावभर सांगतो की हे सगळं वन त्याने लावलं. तिथे आता जवळपास सगळी तिवरंच आहेत, त्याने लावलेला होता कांदळ. त्याच्या 2,000 पैकी नऊ जगलेत, ते सगळे मोरीच्या तोंडाशी. परवा ओहोटीला उतरून मोजून आलो.