जीबीएसमधून बरे झालेल्यांनी नव्या रुग्णांना भेटावे का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी आणि खडकवासला या भागांत गुलियन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि तोपर्यंत कुणी फारसे न ऐकलेले ‘जीबीएस’ हे नाव घरोघरी पोहोचले. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो. शरीराची प्रतिकारशक्ती, बहुधा पोटाच्या किंवा श्वसनमार्गाच्या एखाद्या संसर्गानंतर, आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा काही दिवसांत वर चढतो आणि काहींच्या बाबतीत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जातो. या आजारातून उठलेले अनेक जण आता नव्या रुग्णांसाठी काही करू इच्छितात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. गेली अनेक वर्षे मी मज्जातंतूंच्या रुग्णांच्या फिजिओथेरपीचे काम करते आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : मला गेल्या वर्षी जीबीएस झाला होता. अतिदक्षता विभागात राहून, पुढे व्यायाम करून मी आता नोकरीवर परतलो आहे. त्याच रुग्णालयातील सिस्टरांनी विचारले आहे की, एका नव्या रुग्णाला भेटायला याल का. जाण्याची इच्छा आहे, परंतु काय बोलावे हे कळत नाही. माझ्या बोलण्याने त्यांचे नुकसान तर होणार नाही ना? — एक वाचक, धायरी

उत्तर : आपण अवश्य जावे. चार दिवसांपूर्वी दुकान चालवणारा किंवा शाळेत शिकवणारा माणूस आज स्वतःची कूस बदलू शकत नाही, आणि डॉक्टर त्याला सांगतात की बहुतेक रुग्ण बरे होतात. ते खरेच असते. सहा महिन्यांनी सुमारे ८० टक्के रुग्ण कुणाच्या आधाराविना चालू लागलेले असतात. पण खाटेवरच्या माणसाला तो आकडा आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. याच खाटेवर कधी तरी पडलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत आत आला आणि शेजारी उभा राहिला, म्हणजे त्या आकड्याला चेहरा मिळतो. हे काम आम्हा कुणालाही, कितीही शिकलो तरी, करता येत नाही.

मात्र ‘मी बरा झालो, तुम्हीही दोन महिन्यांत चालू लागाल’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. त्याचे कारण आजारातच आहे. मज्जातंतू हा विजेच्या वायरसारखा असतो : आत तार, वर आवरण. काहींचे फक्त आवरण खराब होते आणि ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा तयार होते. काहींची आतली तारच तुटते; ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, म्हणून कमरेपासून पावलापर्यंत पोहोचायला तिला वर्षाहून अधिक काळही लागू शकतो. शेजारशेजारच्या खाटांवरचे दोन रुग्ण बाहेरून सारखेच दिसतात, आणि एक दिवाळीला घरी चालत जातो तर दुसऱ्याला पुढची दिवाळी उजाडते. आपण कोणत्या गटातले होतो आणि समोरचा कोणत्या गटातला आहे, हे तपासण्या पाहून न्यूरॉलॉजिस्टने सांगायचे. आपण आपली हकीकत आपली म्हणून सांगावी : अमुक दिवशी बोट हलले, अमुक महिन्यात वॉकर घेतला, मधले इतके आठवडे काहीच बदलले नाही. तो मधला काळ आवर्जून सांगा. अशक्तपणा वाढायचा थांबतो आणि सुधारणाही दिसत नाही, अशा त्या पठारावर रुग्णाचा धीर सर्वांत जास्त खचतो, आणि इतरांनाही हेच झाले होते हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

उपचारांची तुलनाही टाळावी. या आजारात इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांची, इंजेक्शने किंवा रक्तातील प्लाझ्मा हा द्रव भाग बदलणे, असे दोन उपचार आहेत आणि दोन्हींचा गुण सारखाच येतो. ‘मला तर इंजेक्शने दिली होती, तुम्हाला हे का?’ असा आपला साधा प्रश्न त्या घरात रात्रभर संशय पेरून जातो. औषधांविषयी काही विचारले, तर ‘हे उद्या राउंडला डॉक्टरांनाच विचारा’ एवढेच उत्तर द्यावे, आणि प्रश्न कागदावर लिहून ठेवायला नातेवाइकांना मदत करावी.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वतःसाठी. व्हेंटिलेटरचा अलार्म आणि त्या विभागातला वास यांनी जुने दिवस अंगावर येऊ शकतात. चांगले खंबीर लोकही दारात थबकलेले मी पाहिले आहेत. पहिल्या भेटीला सिस्टरांना सोबत ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर या आणि त्या संध्याकाळी घरच्यांशी बोला. झोप उडाली, तर काही महिने थांबून पुन्हा विचार करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

प्रश्न : माझे यजमान तीन आठवड्यांपासून व्हेंटिलेटरवर आहेत. ते शुद्धीवर आहेत असे डॉक्टर म्हणतात, पण ते काहीच हालचाल करत नाहीत. या आजारातून बऱ्या झालेल्या एक बाई भेटायला येऊ इच्छितात. ह्यांना त्रास तर होणार नाही? आणि ह्यांना काय हवे आहे ते आम्ही कसे ओळखावे? — एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. जीबीएस हा मेंदूबाहेरच्या मज्जातंतूंचा आजार आहे. गुंगीचे औषध चालू नसेल तर आपले यजमान सर्व ऐकत आणि समजत असतात. त्यांच्या उशाशी खर्चाची, बदलीची किंवा ‘यांचे आता कसे होणार’ याची चर्चा होते ती त्यांच्यापर्यंत पोहोचते. अशा अवस्थेतून गेलेली व्यक्ती सहसा ही चूक करत नाही. ती रुग्णाच्या नजरेच्या टप्प्यात उभी राहते, नातेवाइकांऐवजी थेट त्यांच्याशी बोलते, आज वार कोणता आणि वेळ काय झाली हे सांगते. म्हणून त्या बाईंना येऊ द्यावे. परंतु आधी यजमानांना विचारावे, आणि त्यांनी नको म्हटले तर ते मानावे.

ते विचारायचे कसे, हाच आपला दुसरा प्रश्न आहे. प्रथम त्यांची कोणती हालचाल भरवशाची आहे ते सिस्टरांच्या मदतीने शोधा. पापणी मिटता येत असेल तर एकदा मिटणे म्हणजे हो आणि दोनदा म्हणजे नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही पुष्कळदा लुळे पडतात आणि पापणी नीट मिटत नाही. अशा वेळी वर पाहणे म्हणजे हो, खाली पाहणे म्हणजे नाही असे ठरवावे. डोळेही साथ देत नसतील, तर बोटाची किंवा पायाच्या अंगठ्याची किंचितशी हालचालही पुरते. जी खूण ठरेल ती मोठ्या अक्षरांत लिहून खाटेच्या डोक्याशी लावा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरांनाही ती कळेल.

मग एक पुठ्ठा घ्या. वरच्या अर्ध्या भागात नेहमीचे शब्द लिहा : कफ काढा, कूस बदला, खाज, उशी, चादर नको, दुखते, गरम होते, दिवा, भीती वाटते, कुणाला तरी बोलवा. ‘चादर नको’ हा शब्द बऱ्या झालेल्या रुग्णांनीच आम्हाला सुचवला. या आजारात कित्येकांच्या तळपायांना सुती चादरीचा स्पर्शही आग झाल्यासारखा होतो आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. खालच्या अर्ध्या भागात मुळाक्षरे ओळींनी लिहा. आपण विचारायचे, ‘स्वर? क ची ओळ? च ची ओळ?’ खूण मिळाली की त्या ओळीतले एकेक अक्षर म्हणायचे. काना-मात्रा सुरुवातीला सोडून द्या. ‘पठ’ इतके मिळाले की पाठ असेल हे कळते. पण शब्द घाईने स्वतःच पुरा करू नका, विचारून खात्री करा. एका शब्दाला दहा मिनिटे लागली तरी लागू द्या. या पुठ्ठ्याचा सराव त्या भेटीला येणाऱ्या बाईंकडून करून घ्यावा, असे मी सुचवीन. त्यांना स्वतःला जे सांगता आले नव्हते ते त्यांना चांगले आठवत असेल.

प्रश्न : मला हा आजार होऊन गेला आहे. रुग्णाला भेटल्याने तो पुन्हा होईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. शंभरातील काही थोड्यांना तो आयुष्यात पुन्हा होतो, पण त्याचा रुग्णाच्या भेटीशी संबंध नसतो. काळजी उलट बाजूने घ्यायची आहे : आपल्याला सर्दी, ताप किंवा जुलाब असतील तर जाऊ नये, आणि आत जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला आपल्याकडून न्यूमोनिया होणे परवडणारे नाही.

प्रश्न : आम्ही बरे झालेले काही जण आणि आमचे कुटुंबीय मिळून एक गट सुरू करू पाहत आहोत. रुग्ण इतके विखुरलेले असताना असा गट चालेल का, आणि सुरुवात कशी करावी? — एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : चालतो, याचा दाखला जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या रॉबर्ट बेन्सन यांना जीबीएस झाला. ते बरे झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एस्टेल यांनी १९८० मध्ये आपल्या घरीच, मोजक्या माणसांना बोलावून अशा गटाची सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे स्वयंसेवक आज अनेक देशांत नव्या रुग्णांना भेटतात किंवा फोनवर बोलतात. यातील एस्टेल बेन्सन यांचा वाटा मला विशेष वाटतो, कारण त्या स्वतः रुग्ण नव्हत्या. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसलेल्या पत्नीला, आईला किंवा मुलाला आपल्यासारखेच तिथे बसून गेलेले माणूस हवे असते. आपल्या गटात कुटुंबीय आहेत, त्यांना चहापाण्याची व्यवस्था देऊन बाजूला ठेवू नका. त्यांच्याही भेटी ठरवा.

आपल्याकडेही ही रीत परकी नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून व्यसनातून बाहेर आलेली माणसे नव्यांना हात देत आली आहेत, आणि तेथील अनुभवावरून दिसते की, स्वानुभवाला प्रशिक्षणाची व देखरेखीची जोड लागतेच.

सुरुवात एकाच रुग्णालयापासून करा. न्यूरॉलॉजी विभाग आणि समाजसेवा अधीक्षक यांना भेटून आपली नावे द्या. रुग्णाचे नाव किंवा फोन आपण मागायचा नाही. रुग्णाने होकार दिल्यावर रुग्णालयाने आपल्याला कळवायचे, हा क्रम कधीही उलटा होऊ देऊ नये. खाटेवरच्या माणसाचा फोटो काढायचा नाही, त्याने संमती दिली तरी नाही, कारण त्या अवस्थेतील संमतीला फारसा अर्थ नसतो. पैसे गोळा करण्याचे काम गटाने अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकदा पैसा आला की भेटीचा हेतू बदलतो. त्याऐवजी घरच्यांना रुग्णालयातील आरोग्यमित्रांच्या, म्हणजे सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, टेबलाकडे नेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करायला लावा. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च भल्याभल्यांना झेपत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला हे टेबल कुठे आहे हेसुद्धा सापडत नाही. तेल, काढे, ‘खात्रीचे’ उपाय यांचे निरोप गटात फिरू लागले, तर ते थांबवण्याची जबाबदारी एकाने नावानिशी घ्यावी.

गावोगावच्या रुग्णांसाठी फोन पुरतो. डिस्चार्जनंतर पहिल्या महिन्यात आठवड्याला एक फोन ठेवा. रुग्णालयात माणसांची गर्दी असते. घरी आल्यावर व्यायामाचा कंटाळा, थकवा आणि एकटेपणा एकदमच गाठतात, आणि नेमके तेव्हा विचारणारे कुणी नसते.

प्रश्न : मी अजून पूर्ण बरी झालेली नाही. दोन्ही पायांना स्प्लिंट लावून चालते, बोटांत जोर कमी आहे, दुपारी आडवे व्हावे लागते. मला पाहून रुग्ण खचेल असे घरचे म्हणतात. मी भेटायला जाऊ नये का? — एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : आपण जावे, असे मला वाटते, आणि तेही स्प्लिंट न लपवता. ज्यांना सहा महिन्यांत पूर्ण बरे वाटले त्यांच्याच भेटी होत राहिल्या, तर हळू सुधारणाऱ्या रुग्णाला वाटते की आपलेच काही चुकते आहे, आपणच व्यायामात कमी पडलो. अशा रुग्णाला आपल्याइतकी उपयोगी व्यक्ती दुसरी नाही. थकवा तर या आजारानंतर चालू-फिरू लागलेल्यांनाही वर्षानुवर्षे राहू शकतो, आणि तो आळस नव्हे हे त्यांच्या घरच्यांना आपल्या तोंडून कळलेले बरे.

भेट कुणाची, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे. आजार अजून वाढत असलेल्या पहिल्या पंधरवड्यात आपली भेट नको. तेव्हा रुग्णाला फक्त श्वासाची आणि रात्रीची चिंता असते. पुनर्वसन विभागात आलेला, पहिल्यांदा खाटेच्या कडेला बसवलेला रुग्ण निवडण्यास तेथील फिजिओथेरपिस्टला सांगा. त्याला आपले स्प्लिंट हातात घेऊन पाहू द्या, ते चपलेत कसे बसते, जिना चढताना आधी कोणता पाय टाकता, वाटी कशी धरता, शर्टाच्या बटणांचे काय करता, हे करून दाखवा. भेट सकाळी ठेवा, म्हणजे दुपारची आपली विश्रांती चुकणार नाही. घरच्यांची काळजी रास्त आहे, तेव्हा पहिल्या भेटीला त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्यावे.