वाचक विचारतात : ग्राउससाठी बंदूक कोणती?

प्रश्न : मिनिआपोलिसमध्ये चार वर्षं आहे, एच-१बी व्हिसावर. ऑफिसातले मित्र ऑक्टोबरात उत्तर मिनेसोटात ग्राउस या तितरासारख्या पक्ष्याच्या शिकारीला जातात, यंदा मीही जाणार आहे. एकजण म्हणतो बारा बोरची पंप (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस बदलणारी एकनळी) घे, दुसरा म्हणतो वीस बोरची ओव्हर-अंडर (एकावर एक नळ्यांची दुनळी). दुकानदार ३० इंची नळीची भलामण करतो. बजेट बेताचं आहे. काय घेऊ?

उत्तर : बंदुकीच्या आधी व्हिसाचं बघा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या व्हिसावरच्या (एच-१बी त्यातलाच) माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. तिला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला तुमच्या कामाचा म्हणजे कुठल्याही अमेरिकन राज्याचा चालू शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की हा आधारही संपतो आणि कपाटातली बंदूक बेकायदा ठरते. म्हणून क्रम असा ठेवा : आधी सेफ्टी कोर्स (३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात तो लागतोच), मग परवाना, मग दुकान. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ हेसुद्धा परवान्यानंतरच.

आता पक्षी. तिकडे मिळतो तो रफ्ड ग्राउस. आपल्या तितराच्याच कुळातला, अर्धा ते पाऊण किलोचा. अॅस्पेन नावाच्या झाडांच्या कोवळ्या, काठीला काठी लागलेल्या राईत राहतो. पायाजवळून फर्रकन उठतो आणि एकदोन सेकंदांत झाडाआड होतो. बहुतेक बार १५ ते २५ यार्डांवर काढावे लागतात आणि तेही फांद्यांच्या फटीतून. लांब पल्ल्याची बंदूक इथे काही कामाची नाही. खांद्याला पटकन लागणारी हवी.

म्हणून पहिला निकष वजन. दिवसभर ती दोन्ही हातांत तिरपी धरून ओंडके ओलांडत चालायचं असतं. ६ ते साडेसहा पौंड, म्हणजे पावणेतीन ते तीन किलोच्या आत, हे वजन बरोबर. बदकांसाठीच्या साडेसात पौंडी बंदुकीने दुपारपर्यंत हात खाली येतात आणि पक्षी उठतो तो नेमका तेव्हाच. अगदी पाच पौंडीही नको. ती झटकन वर येते खरी, पण पक्ष्यामागे फिरवताना मध्येच अडखळते, शिवाय धक्का जोरात बसतो. जुना हिशेब असा, की बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. एक औंस छर्रे म्हणजे ६ पौंडांची बंदूक.

बोरचा आकडा उलटा चालतो. नळीत नेमक्या बसतील अशा शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात येतात, तो बोर. म्हणून बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरची आणि विसाची साडेपंधराच्या आसपास. ग्राउसला विसाचं २५ ग्रॅमचं (७/८ औंस) काडतूस पुरतं आणि बंदूक आपोआप हलकी येते. घरात किंवा मित्राकडे हलकी बारा असेल तर तीही चालेल, फक्त त्यात एक औंसाचं साधं काडतूस घाला, जादा भरलेलं मॅग्नम नको. चारशे दहा (हा बोर नव्हे, नळीचा व्यास : ०.४१० इंच) मात्र नवख्याने घेऊ नये. त्यात छर्रे इतके थोडे, की पक्षी जखमी होऊन झाडीत जातो आणि सापडत नाही.

नळी २६ इंच. पंप आणि सेमी-ऑटोमध्ये नळीमागे काडतूस भरणारा सांगाडा असतो, त्यामुळे २६ इंची पंप एकूण लांबीत २८-२९ इंची दुनळीएवढी भरते. दुकानदाराची ३० इंची नळी मोकळ्या मैदानात उत्तम, अॅस्पेनच्या राईत ती दर तिसऱ्या फांदीत अडकेल.

पंप की दुनळी? दुनळीचा खरा फायदा असा, की दोन नळ्यांना दोन वेगळे चोक (नळीच्या तोंडाचा आवळ; तो जितका घट्ट तितके छर्रे कमी पसरतात) ठेवता येतात, आणि ती मधून वाकवून उघडली की रिकामी आहे हे सगळ्यांना दिसतं. पण बेताच्या पैशात स्वस्त दुनळी घेण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीची वापरलेली वीस बोरची पंप घ्या. स्वस्त दुनळीत पुष्कळदा दोन्ही नळ्या एका जागी मारत नाहीत आणि हे बाहेरून कळत नाही. पंपचा तिसरा बार म्हणाल, तर ग्राउस त्याची वाट पाहत नाही.

चोक उघडाच ठेवा. २० यार्डांवर साध्या, बिनआवळ सिलिंडर नळीचे छर्रे साधारण ३२ इंचांत पसरतात, किंचित आवळलेल्या इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे २६ आणि सर्वांत घट्ट फुल चोकचे १६ इंचांत. फुल चोकने एक तर पक्षी चुकतो, नाहीतर लागला तर खाण्याजोगा राहत नाही. सप्टेंबरात पानं असतात तेव्हा जवळजवळ उघडा स्कीट चोक आणि ८ नंबर छर्रे (नंबर मोठा तितका छर्रा बारीक). पानगळीनंतर इम्प्रूव्ह्ड सिलिंडर आणि साडेसात नंबर. दुनळी असेल तर दुसऱ्या नळीत जरा घट्ट, मॉडिफाइड चोक. बर्फ पडल्यावर पक्षी लांबून उठू लागले की ६ नंबर.

जंगलात जाण्याआधी ४० इंची चौरस कागदावर २० यार्डांवरून बार काढून बघा, दर बाराला नवा कागद, निदान तीन. छऱ्यांच्या मधोमध ३० इंचांचं वर्तुळ काढा. त्यात तळहाताएवढ्या कोऱ्या जागा राहत असतील तर काडतुसाचा ब्रँड बदला. एकाच चोकमधून दोन ब्रँड अगदी वेगळे पसरतात.

आणि हे पाठच करा : वीस बोरचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागे बाराचं काडतूस आरामात बसतं, आणि बार काढला की नळी फुटते. विसाची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. दोन बोरची काडतुसं एका खिशात कधीही नकोत. नारिंगी जॅकेट किंवा टोपी मात्र हवीच. मिनेसोटात ग्राउसला जाताना कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा आहे.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये असते. उंची ५ फूट २ इंच. नवऱ्याच्या वीस बोरच्या बंदुकीने क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेमबाजी) करते, पण दंडावर काळानिळा डाग पडतो आणि बार नेहमी वरून जातात. ग्राउससाठी हीच चालेल का?

उत्तर : बंदूक चांगली असेल, पण ती तुमच्या मापाची नाही. तयार बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत १४ ते साडेचौदा इंच असतात, ते पावणेसहा फुटी माणसाचं माप. तुम्हाला १३ ते साडेतेराच्या आसपास लागेल. दस्ता लांब असला की तो काखेत जॅकेटला अडकतो, खांद्याच्या खळगीऐवजी दंडावर टेकतो, म्हणून डाग. मग नळीवरची पट्टी दिसावी म्हणून मान वर होते. शॉटगनला, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीला, मागचं निशाण नसतं, तुमचा डोळाच ते काम करतो. डोळा वर गेला की बारही वर.

तपासणी घरीच करा. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. शिकारीचं जाड जॅकेट घालून उभ्या राहा, भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, डोळे उघडा. नळीवरची पट्टी सपाट आणि पुढचा मणी मधोमध दिसायला हवा. नुसती पट्टीची लांबच लांब सडक दिसली तर गाल वर आहे. मणी दिसलाच नाही तर फार खाली. दस्ता कापून रबरी पॅड बसवणं हे बंदूकमिस्त्रीचं नेहमीचं काम आहे. नवऱ्यालाही तीच वापरायची असेल तर मात्र कापू नका, लहान मापाची दुसरी घ्या.

उजव्या खांद्यावरून बार काढत असाल तर डावा डोळा प्रबळ (नेम धरताना मेंदू ज्याच्यावर विसंबतो तो) आहे का, तेही बघा. तळहातांच्या त्रिकोणातून दूरची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. उजवा मिटूनही वस्तू जागेवर राहिली तर डावा प्रबळ. मग चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर दुधी टेपचा छोटा तुकडा लावा.

प्रश्न : अॅबर्डीनमध्ये राहतो. ऑगस्टमध्ये मूरवर, म्हणजे झुडपांच्या उघड्या माळावर, ड्रिव्हन (हाका घालून उठवलेल्या) ग्राउसचं आमंत्रण आहे. मित्राच्या वीस बोरच्या हलक्या बंदुकीने भागेल का?

उत्तर : भागेल, पण तिकडचा खेळ वेगळा. हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, पक्षी रेड ग्राउस. तुम्ही बटमध्ये, म्हणजे दगडमातीच्या आडोशात, उभे आणि हाकेवाले पक्षी तुमच्याकडे काढतात. चालायचं नसल्यामुळे थोडी जड, २८ ते ३० इंची नळीची बारा बोर इथे बरी, एकसारखी फिरते. ब्रिटिश ६ नंबरचे छर्रे, २८ ते ३० ग्रॅम. अमेरिकन पेटीवरचा ६ नंबर त्याहून जाडा असतो, आकड्यावर जाऊ नका. काडतुसातलं वॅड (दारू आणि छऱ्यांमधलं बूच) प्लॅस्टिकऐवजी फायबरचं लागतं का, तेही आधी विचारा. बंदूक मात्र शेजारच्या बटच्या रेषेतून कधीही फिरवायची नाही. पक्षी मागे गेला तर नळी आधी आभाळाकडे, मग वळा.

प्रश्न : साताऱ्याजवळ शेती आहे. आजोबांची दुनळी बारा बोर लायसन्ससह माझ्या नावावर झाली. तिने तितर किंवा भाट तितर मारता येतो का?

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार दोन्हीची शिकार गुन्हा आहे, स्वतःच्या शेतातही. ग्राउस तर भारतात नाहीच, आणि भाट तितराला इंग्रजीत सँडग्राउस म्हणत असले तरी तो त्या कुळातलाही नव्हे. क्ले शूटिंगला वापरायची असली तरी आधी जाणत्या मिस्त्रीकडून चेंबर मोजून घ्या. जुन्या बंदुका पुष्कळदा अडीच इंची, ६५ मिलिमीटरच्या चेंबरच्या असतात. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, पण सुटताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती डमास्कस. तिच्यात आजची काडतुसं घालूच नका.