नुसता हक्क जाहीर करून मागता येतो का?

प्रश्न : वडिलांनी 1988 मध्ये नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेली शेतजमीन आमच्या वहिवाटीत आहे. दोन वर्षांपूर्वी चुलत भावाने ती एकत्र कुटुंबाची असल्याची नोटीस पाठवली आणि यंदा बांधालगतच्या चार गुंठ्यांवर पत्र्याची शेड उभारली. आम्हांला भांडण वाढवायचे नाही. जमीन आमची आहे, एवढेच न्यायालयाने जाहीर करावे, असा दावा चालेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : असा दावा कायद्याला मान्य आहे, मात्र आपण तेवढ्यावरच थांबलात तर तो फेटाळला जाण्याची दाट शक्यता आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 34 प्रमाणे, ज्याचा मालमत्तेवरील हक्क कोणी नाकारतो त्याला दुसरे काहीही न मागता केवळ तो हक्क जाहीर करून मागता येतो, आणि तसे जाहीर करायचे की नाही हे न्यायालयाच्या विवेकाधीन असते. पण याच कलमाच्या परंतुकानुसार, वादीला पुढची दाद मागणे शक्य असूनही त्याने ती मागितली नाही, तर न्यायालयाला नुसती घोषणा करता येत नाही. त्या चार गुंठ्यांचा ताबा आज आपल्याकडे नाही, म्हणून तो परत मागितलाच पाहिजे. उरलेल्या जमिनीत आपली वहिवाट कायम असली, तरी शेड उभारणारा पुढे सरकणार नाही असे धरून चालणे मला धोक्याचे वाटते, तेव्हा कायम मनाई हुकूमही मागावा. अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग दाखवला आहे : मालकीबद्दल वाद असून ताबा गेला असेल तर घोषणेसोबत ताबा मागावा, आणि ताबा असेल तर मनाई मागावी.

भांडण वाढू नये ही आपली इच्छा मी समजू शकतो, पण अपुऱ्या मागणीचा दावा फेटाळला गेला, तर तेच भांडण अपिलात वर्षानुवर्षे चालेल. दावा आधीच दाखल केला असेल, तर वादपत्रात दुरुस्तीचा अर्ज विनाविलंब द्यावा.

सातबारावरील नोंदीने मालकी ठरत नाही, त्यामुळे मूळ खरेदीखत जपून ठेवावे. कलम 35 प्रमाणे घोषणा फक्त पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवर बंधनकारक असते, म्हणून हक्क सांगू शकतील अशा इतर चुलत भावंडांनाही प्रतिवादी करावे. घोषणेच्या दाव्याची मुदत, दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून तीन वर्षांची आहे. ती नोटिशीपासून मोजली जाण्याचा संभव असल्याने आपल्या हाती जेमतेम एक वर्ष उरले आहे, असे समजूनच वकिलांना भेटावे.