नागपुरात तलावाकाठी सूर्योदयाचे चांगले फोटो कुठून आणि कसे काढावेत?

तुम्ही लिहिलंय की फुटाळा तलावाच्या चौपाटीवर पहाटे जाऊनही फोटोत आकाश पांढुरकं येतं, पाण्यावर सूर्य दिसतच नाही, तर आता नवीन कॅमेरा घ्यावा का? कॅमेरा राहू द्या. आधी काठाचा विचार करा.

नागपूरची जमीन पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जाते. नाग नदी पश्चिमेच्या लाव्ह्याच्या टेकड्यांकडून निघून गावातून पूर्वेला वाहते. पाणी अडवायचं तर पाळ उताराच्या बाजूलाच घालावी लागते, म्हणून अंबाझरी तलावाची पाळ काय किंवा फुटाळ्याची चौपाटी काय, आपण पूर्वेच्या काठावर उभे असतो आणि पाणी पश्चिमेला पसरलेलं असतं. संध्याकाळी तिथे गर्दी होते ती यामुळेच. सकाळी मात्र सूर्य तुमच्या पाठीमागून, इमारतींच्या आडून वर येतो.

तरीही मी चौपाटी सोडा म्हणणार नाही. सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पश्चिमेकडे बघा. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा दिसतो, ती पृथ्वीचीच सावली. तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. आकाश स्वच्छ असेल तर सावली हळूहळू खाली सरकते आणि गुलाबी रंग पाण्यात उतरतो. मग पहिली किरणं पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवर पडतात. शेंडे तांबूस, खाली पाणी अजून सावलीत, आणि त्या गडद पाण्यात शेंड्यांचं प्रतिबिंब. हे दृश्य काही मिनिटंच टिकतं. मला ते समोरच्या सूर्यबिंबापेक्षा जास्त आवडतं, आणि उजेडातला फरक कमी असल्याने साध्या मोबाइललाही ते झेपतं.

सूर्य पाण्यावरच हवा असेल तर पाणी तुमच्या पूर्वेला असलं पाहिजे. त्यासाठी एखाद्या सुटीला रामटेकला जा. खिंडसी तलाव रामटेकच्या पूर्वेला आहे, त्यामुळे गावाकडच्या काठावर उभं राहिलं की पाणी आणि टेकड्या आपसूक उगवतीच्या बाजूला येतात. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, म्हणजे अंधारातच निघावं लागेल. सूर्य नेमका कुठून येणार हे आधी बघून ठेवा. आपल्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेपासून साधारण 25 अंश उत्तरेकडे, तर डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. उन्हाळ्यात जमलेली चौकट हिवाळ्यात जमत नाही ती त्यामुळे. वेळही बदलते: जूनच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास, जानेवारीत सातला थोडी मिनिटं कमी असताना. दोन्ही वेळी निदान पाऊण तास आधी पोहोचा. रंगांचा बराचसा खेळ बिंब दिसण्याआधीच होऊन जातो.

आता पांढऱ्या आकाशाचं. ऑटोवर कॅमेरा अंधाऱ्या जमिनीला उजळायला जातो आणि आकाश जळतं. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय, त्यात भर घालतो. पहाटेचा तांबूसपणा त्याला दोष वाटतो आणि तो धुऊन टाकतो. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेवा, फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. ट्रायपॉडवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/8 ते एफ/11, आणि शटरचा वेग आकाशाकडे बघून ठरवा. रंगवार हिस्टोग्राम, म्हणजे प्रत्येक रंगाचा उजेड दाखवणारा आलेख, दिसत असेल तर लाल आलेखावर नजर ठेवा. पहाटे सगळ्यात आधी लालच उजव्या भिंतीला धडकतो, आणि एकदा तो गेला की केशरी आकाशाचं फिकट पिवळं होतं. जमीन फारच काळी राहत असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घेऊन नंतर जोडा. मोबाइलवर आकाशाच्या उजळ भागावर बोट ठेवून फोकस लॉक करा, मग एक्सपोजर खाली ओढा.

फक्त रुंद लेन्सवर विसंबू नका. सेन्सरवर सूर्याचं बिंब फोकल लेंग्थच्या (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) साधारण 110 व्या भागाएवढं पडतं. 18 मिलिमीटरवर तो ठिपका, 200 वर ठसठशीत गोळा. मात्र लांब लेन्समधून, ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्य कधीच बघू नका. स्क्रीन वापरा.

ऋतूंमध्ये माझी पसंती पावसाळा सरल्यावरच्या दिवसांना. हवा धुतलेली असते, तलाव भरलेले असतात आणि उंचावर पिंजलेले ढग असतील तर खालून उजेड लागून ते आधी पेटतात. क्षितिजावर मात्र मोकळी फट हवी. तिथेच जाड ढग बसले की काही उमटत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पाणी हवेपेक्षा उबदार असतं, तेव्हा वारा पडलेला असेल तर पाण्यावर वाफ तरंगते. एप्रिल-मेमध्ये धुरळ्याने बिंब मळकट येतं, पण पाणी ओसरून भेगाळलेला गाळ उघडा पडतो आणि फोटोला पुढचा भाग मिळतो.

हा पुढचा भाग दिवसाउजेडीच शोधून ठेवा. पाण्यात अर्धी बुडालेली बाभूळ, बेशरमाचं एखादं झुडूप, काहीही चालेल. ट्रायपॉड गुडघ्याएवढा खाली घ्या, म्हणजे फांदी आणि तिचं प्रतिबिंब दोन्ही सुटे दिसतात. जलपर्णी पसरलेली असेल तर प्रतिबिंबाची आशा सोडून दुसरा कोपरा गाठा. काठ निसरडे असतात, म्हणून टॉर्च ठेवा आणि अंधारात एकटे जाऊ नका.