ओहोटी किती वाजता, ते आधी विचारा

प्रश्न : गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारीत आम्ही अंदमानला निघतोय. मी, हे, दहा वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. पोर्ट ब्लेअरहून सकाळी शिडाच्या होडीने नील बेटावर जायचं, दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असं ठरतंय. आमच्यापैकी कुणीही आजवर समुद्रात होडीत बसलेलं नाही. उलट्या होतील का? बेटावर काय पाहावं? मुलाला शंख-शिंपले आणायचेत.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, होडी पोर्ट ब्लेअरहून ठरवू नका. नील तिथून चाळीसेक किलोमीटरवर, पूर्व-ईशान्येला आहे आणि त्या दिवसांत वाराही ईशान्येकडूनच येतो. समोरच्या वाऱ्यावर शिडाची होडी सरळ जात नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अशी नागमोडी जाते आणि नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, लाटा आपटत राहतात. तुमचा सगळा दिवस पाण्यातच जाईल. त्यापेक्षा फेरीबोटीने हॅवलॉक बेटावर जा, तिथे मुक्काम करा आणि होडी तिथून घ्या. नील तिथून दक्षिणेला वीसेक किलोमीटर आहे. वारा बाजूने लागतो, जातानाही आणि येतानाही. दोन-अडीच तासांत पोचाल.

तिकिटावर हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप असेल, गोंधळू नका. २०१८च्या डिसेंबरात ही नावं बदलली. पोर्ट ब्लेअरसुद्धा २०२४पासून श्री विजया पुरम झालंय. सोलापुरात चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या आपल्या माणसांना शहीद द्वीप हे नाव परकं वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मी बावीस वर्षं नौदलात होतो, त्यातली तीन अंदमानात. १९९४ साली वडील सोलापूरहून आले होते. जन्मभर गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस. त्यांना नीलवरचा, निसर्गानेच घडवलेला दगडी पूल दाखवायचा, म्हणून मी सुट्टी काढली आणि भरती-ओहोटीचं कोष्टक न बघता घेऊन गेलो. पोचलो तेव्हा ऐन भरती होती. पुलापर्यंत जाताच येईना. वडील पाण्याकडे बघत म्हणाले, “हिप्परग्याचं तळंच हाय की रे, थोरलं.” नंतर त्यांचं तिकडे येणं झालं नाही. ही चूक मला अजून टोचते.

म्हणून तारीख ठरवायच्या आधी ओहोटीची वेळ बघा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यांत जास्त ओसरतं, पण अंदमानात त्या दिवशी ओहोटी दुपारी तीन-चारच्या सुमारास येते. (कोकणात तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिथे चालत नाही.) आणि सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी मावळतो. घड्याळ तेच, पण बेटं सोलापूरच्या जवळपास सतरा रेखांश पूर्वेला आहेत. साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडाला की अंधारात परतणं आलं. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधीचा दिवस धरा. दुपारी दीड-दोनला पाणी उतरलेलं मिळेल आणि तीनला परत निघता येईल.

उलट्यांचं म्हणाल तर उपाशी बसू नका आणि पुरी-भजीही खाऊ नका. आपली कडक भाकरी इथे फार उपयोगाची. कोरडी, हलकी, टिकाऊ. शेंगाचटणी मात्र बेटावर उतरल्यावर. होडीच्या मध्यभागी बसा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, नजर क्षितिजावर ठेवा. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, पण सासूबाईंची आधी डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंना पुलाकडे नेऊ नका. वाट शेवाळलेल्या, धारदार खडकांवरून आहे. त्यांना जेट्टीजवळच्या भरतपूरच्या किनाऱ्यावर सावलीत बसवा. पाणी उथळ आहे, पाय बुडवून बसता येतं. सोबत कुणीतरी थांबा आणि आळीपाळीने पुलाकडे जा.

शंख-शिंपले किनाऱ्यावरून उचलायचे नाहीत. पोवळं तर मेलेलं, पांढरं पडलेलं असलं तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा त्याला लागू आहे आणि विमानतळावर बॅग तपासतात. मुलाला त्याऐवजी एक वही द्या. पुलाजवळ ओहोटीत खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. तिथे उकिडवं बसून पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. आधी काहीच दिसत नाही. मग जो वाळूचा गोळा वाटला होता तो समुद्रकाकडी नावाचा जीव निघतो आणि खडकाच्या फटीतून बोटभर निळा मासा बाहेर येतो. ते सगळं त्याला चितारू दे. पाय मात्र वाळूवर किंवा उघड्या खडकावरच, पोवळ्यावर कधीच नाही.