‘आवृत्ती’ की ‘संस्करण’? आणि ‘लेटेस्ट’चं काय करायचं?

प्रश्न असा आहे: एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर प्रत्येक व्हर्जनची माहिती वेगळी ठेवली आहे. तिथल्या यादीचं मराठी करताना व्हर्जनला काय म्हणावं, आणि ‘लेटेस्ट’, ‘स्टेबल’ यांना काय?

व्हर्जनला बिनधास्त ‘आवृत्ती’ म्हणा. ‘संस्करण’ कळतं, पण ते हिंदीच्या वळणाचं वाटतं. आपल्याकडे पुस्तकाची आवृत्तीच निघते आणि मजकूर न बदलता पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. हा फरक मराठीत तयारच आहे, तो वापरावा. फक्त हिंदीवरून भाषांतर करू नका, कारण तिथे ‘आवृत्ति’ म्हणजे वारंवारता. अनेकवचन ‘आवृत्त्या’, त्यात ‘त्त्या’ जपा.

खरी अडचण पुढच्या दोन शब्दांची आहे. ‘रीड द डॉक्स’ या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ‘लेटेस्ट’ सहसा अजून घडत असलेल्या मजकुराकडे नेतं आणि ‘स्टेबल’ शेवटच्या प्रसिद्ध आवृत्तीकडे. ‘लेटेस्ट’चं ‘नवीनतम’ केलंत तर नवखा माणूस नेमका तोच दुवा उघडेल आणि त्याच्या संगणकावर नसलेली सोय शोधत बसेल. ‘स्टेबल’ला ‘स्थिर’ म्हणणंही मला पटत नाही. नवी आवृत्ती आली की तो दुवा तिच्याकडे सरकतो, मग स्थिर काय राहिलं?

आम्हा सोलापूरकरांना यावर घरातलाच शब्द सुचतो. दाते पंचांग इथलंच. पाडव्याला नवं आणलं की ते ‘चालू’ पंचांग, पुढच्या पाडव्याला दुसरं चालू होतं. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं संकेतस्थळ ‘करंट’ हा शब्द याच अर्थानं वापरतं. म्हणून प्रसिद्ध झालेली ती ‘चालू आवृत्ती’, पुढे तिचा आकडा. अजून हातात असलेली ती ‘घडणीतली आवृत्ती’. ‘चालू’ला बोलीत लबाडीचाही वास आहे खरा, पण ‘चालू वर्ष’, ‘चालू खातं’ म्हणताना तो कुणाला येत नाही.

आणि जुन्या आवृत्त्यांना ‘कालबाह्य’ असा सरसकट शिक्का मारू नका, ही कळकळीची विनंती. शके 1945 च्या पंचांगात अधिक श्रावण आहे, 1946 च्या पंचांगात नाही, आणि दोन्ही बरोबर आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये जन्मलेल्या बाळाची पत्रिका मांडायला 1945 चंच पंचांग काढावं लागतं. तसंच, कार्यालयात अजून तेराव्या आवृत्तीवर काम करणाऱ्याला तेराव्या आवृत्तीचंच पान हवं असतं. तिथे ‘जुनी आवृत्ती’ एवढंच लिहा आणि शेजारी चालू आवृत्तीचा दुवा द्या. त्या आवृत्तीच्या दुरुस्त्या थांबल्या असतील, तर ते मात्र वेगळ्या वाक्यात स्पष्ट सांगा.

‘डॉक्युमेंटेशन’साठी ‘दस्तऐवजीकरण’ नको, खरेदीखत आठवतं. ‘मार्गदर्शिका’ पुरे.