मधमाशीपालन: पेटीआधी फुलोरा बघा

तुम्ही विचारलंय की मधमाशीपालन ही शेती समजायची की वेगळा जोडधंदा, आणि पहिल्या वर्षी किती पेट्या घ्यायच्या. पहिल्या प्रश्नाचं उत्तर डोक्यात पक्कं बसलं की दुसरं सोपं होतं.

माझ्या मते ही शेतीच आहे, आणि मध हे तिचं एकमेव पीक नाही. भोपळा किंवा कलिंगडाचा वेल बघा. नरफुलं वेगळी, मादीफुलं वेगळी, आणि पराग इतका जड व चिकट की वाऱ्याने जात नाही. कीटकाने तो पोचवला तरच फळ धरतं. अपुरा पोचला तर फळ वेडंवाकडं होतं किंवा लहान असतानाच गळून पडतं. कांद्याचं बी, सूर्यफूल, मोहरी, सफरचंद या सगळ्यांना माशीचा उपयोग होतो. गहू-भाताला होत नाही, ती कामं वारा किंवा फूल स्वतःच करतं. मधमाशीचा मोठा गुण असा की एका फेरीत ती शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, त्यामुळे पराग जिथे हवा तिथेच पडतो.

आता मुख्य मुद्दा, जो नवीन माणसाला सहसा कोणी सांगत नाही. पेटीत राहणाऱ्या माश्या मुख्यतः दोन, आपली देशी सातेरी आणि बाहेरून आणलेली युरोपीय मेलीफेरा. (आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत टिकत नाहीत.) मेलीफेराचा हिशोब धरा. राणीने आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी २१ दिवसांनी बाहेर येते. आल्या आल्या ती शेतात जात नाही. आधी घरं साफ करते, पिल्लांना भरवते, मेण गाळते, मध वाळवते. मकरंद आणायला ती साधारण तीन आठवड्यांनी निघते. म्हणजे आजचं अंडं कामाला यायला सहा आठवडे लागले. फुलोरा सुरू झाल्यावर वसाहत वाढवायला घेतली, तर माश्या तयार होईपर्यंत फुलं गळालेली असतात. म्हणून मधपाळाची पेरणी फुलोऱ्याच्या दीड महिना आधी असते. तेव्हा राणीला अंडी घालायला मोकळी घरं आहेत का, पराग येतोय का, हे बघावं लागतं.

त्यासाठी आधी एक वर्षाचा फुलोरा लिहून काढा. मधमाशी बहुतेक वेळा दोन-तीन किलोमीटरच्या आत चरते. तेवढ्या टापूत कोणत्या महिन्यात काय फुलतं, आणि कोणत्या महिन्यात काहीच फुलत नाही, ते बघा. झाडं विसरू नका, पुष्कळदा पिकांपेक्षा तीच जास्त देतात.

रिकाम्या महिन्यांबद्दल मी पोळून शिकलो आहे. माझ्या पहिल्या हंगामात मी वरच्या मधकोठीतला मध काढला, आणि खालच्या शिशुकोठीतल्या (जिथे राणी अंडी घालते आणि पिल्लं वाढतात) चौकटीही, म्हणजे पोळं धरणाऱ्या लाकडी फ्रेमही, मधाने भरलेल्या दिसल्या म्हणून त्याही पिळल्या. पुढे फुलं नव्हती. महिनाभरात सातेरीची ती वसाहत पेटी सोडून निघून गेली. पोळी जागच्या जागी होती, माश्या मात्र नव्हत्या. तेव्हापासून शिशुकोठीतल्या मधाला मी हात लावत नाही. मधकोठीतलाही बहुतांश मेणाने बंद झालेला मधच काढतो. उघड्या घरांतला मध अजून पातळ असतो, त्यात पाण्याचा अंश जास्त राहिला की तो आंबतो.

पेटीबद्दल थोडक्यात. १८५१ मध्ये अमेरिकेतले मधपाळ लँगस्ट्रॉथ यांच्या लक्षात आलं की साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. चौकटीभोवती तेवढीच जागा सोडली, की चौकट न चिकटता सहज उचलता येते. आधी मधासाठी पोळं मोडावं लागायचं. आज आपण तीच चौकट उचलून अंडी, पिल्लं, रोग तपासतो. पेटी घेताना मापं नीट बघा, ओबडधोबड पेटीत सगळं चिकटून बसतं.

फवारणीचं शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. फुलावर आलेल्या पिकावर कीटकनाशक मारूच नये. अगदी टाळता येत नसेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. तरी काही औषधांचा विषारी अंश सकाळपर्यंत उरतो, म्हणून नाव आधी विचारून घ्या.

आता पेट्यांचा आकडा. दोन घ्या. एक नको आणि दहाही नकोत. एकाच पेटीतली राणी मेली आणि आत अंडी किंवा कोवळी अळी नसेल, तर त्या माश्यांना नवी राणी करता येत नाही. दुसरी पेटी त्याच जातीची असेल तर तिच्यातली ताज्या अंड्यांची एक चौकट, माश्या झटकून, तिथे द्या. अंड्यातून निघालेल्या कोवळ्या अळीला राजान्न (रॉयल जेली) भरवून त्या स्वतःच राणी तयार करतात. चौकट देताना राणी तिच्यावर नाही ना, हे दोनदा बघा.